बकल कुठे टेकतंय, ते आधी बघा

या वेळच्या पत्रांतली बरीचशी पत्रं एकाच तक्रारीपाशी येऊन थांबतात: मुलासाठी सीट चांगली घेतली, पण गाडीच्या पट्ट्याशी तिचं जमत नाही. म्हणून हे सगळं सदर मी पट्ट्यांना दिलं आहे. मुलांच्या सीट गाडीत बसवून देणं आणि इतरांनी बसवलेल्या तपासणं हे माझं रोजचं काम. सीटच्या कापडापासून वजनापर्यंत सगळी चौकशी करून लोक येतात; गाडीचा पट्टा नेमका कुठून निघतो, किती लांब आहे, बकल किती वर येतं, हे मात्र क्वचितच कुणी पाहिलेलं असतं. आयसोफिक्स (मुलाची सीट गाडीतल्या ठरावीक धातूच्या कड्यांना थेट अडकवायची सोय) नसेल तेव्हा सीटला धरून ठेवणारी एकच गोष्ट असते, तो पट्टा. आणि तो सीटबरोबर येत नाही, गाडीबरोबर येतो.

प्रश्न : ताई, आमच्या दहा महिन्यांच्या मुलीसाठी मागे तोंड करून बसवायची सीट घेतली. पट्टा पुस्तिकेतल्या चित्राप्रमाणेच घातला, तरी सीट हलते. घरचे म्हणतात, गुडघा ठेवून अजून जोर लाव. जोर लावला की गाडीचं बकल सीटच्या प्लॅस्टिकच्या कडेवर येऊन अडकतं आणि पट्टा पुढे सरकतच नाही. हे असंच चालेल का? — एक आई

उत्तर : नाही, चालणार नाही. तुम्ही बकल कुठे अडकतंय ते पाहिलंत, म्हणजे निम्मं निदान तुम्हीच केलं आहे. अडचण जोराची नाहीच. तुमच्या गाडीच्या त्या जागेवरचं बकल लांब दांड्याचं आहे. सीटमधून पट्टा जाण्याची जी वाट असते, तिच्या तोंडाशीच ते येऊन बसतं. पट्टा घट्ट व्हायचा तर त्याला त्या वाटेतून सरळ ओढलं जायला हवं. बकल कडेवर टेकलं की ओढ तिथेच संपते आणि आतला पट्टा सैलच राहतो.

सीट हलणं हा यातला लहान धोका. मोठा धोका बकलचा आहे. बकल आणि त्यात जाणारी धातूची पट्टी एका सरळ रेषेत ओढ सोसण्यासाठी बनवलेली असते. धडकेच्या वेळी तेच बकल कडक प्लॅस्टिकच्या कडेवर आडवं दाबलं गेलं, तर ते वाकू शकतं, तुटू शकतं किंवा उघडू शकतं. म्हणून ‘थोडंसंच टेकतंय’ हे उत्तर मी कधी स्वीकारत नाही.

आता काय करायचं? सर्वांत आधी तीच सीट मागच्या दुसऱ्या जागेवर लावून बघा. एकाच गाडीत डावीकडचं बकल, उजवीकडचं बकल आणि मधलं बकल वेगवेगळ्या उंचीची असू शकतात. एका जागी अडलेली सीट दुसऱ्या जागी लगेच बसली, असं मी कितीतरी गाड्यांत पाहिलं आहे. दुसरा उपाय फक्त काही गाड्यांसाठी आहे. बकलचा दांडा कडक प्लॅस्टिकचा नसून पट्ट्याच्याच कापडाचा असेल, तर त्याला पीळ देऊन तो आखूड करता येतो. पीळ जास्तीत जास्त तीन पूर्ण फेऱ्यांचा, आणि तोही गाडीच्या व सीटच्या पुस्तिकेत त्याला मनाई नसेल तरच. पीळ दिल्यावर बकलचं लाल बटण सहज दाबता येतंय ना, हे बघा. कडक दांडा मात्र वाकवू नका. बकलखाली कापडाची घडी घालणं, फोमचा तुकडा सरकवणं, सीटची कड तासणं, यांतलं काहीही करू नका.

या दोन्हींतून जमलं नाही, तर ती सीट त्या गाडीची नाही. सीट वाईट आहे असा त्याचा अर्थ होत नाही. शेजारच्या गाडीत तीच सीट उत्तम बसेल. तरीही ती परत करा.

आणि ‘हलते’ म्हणजे किती, ते मोजायची जागा ठरलेली आहे. सीटचा वरचा कठडा धरून गदागदा हलवू नका. मागे तोंड केलेल्या सीटचं वरचं टोक थोडं हलणारच. पट्टा सीटमधून जिथून जातो, बरोबर तिथे हात ठेवा आणि हस्तांदोलनात लावतो तेवढ्या जोराने डावीउजवीकडे, मग पुढेमागे हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी सरकली तर ठीक.

प्रश्न : सीटच्या नारिंगी लेबलवर ‘युनिव्हर्सल’ लिहिलं आहे. म्हणजे ती कुठल्याही गाडीत चालणार ना? मग पुन्हा तपासायचं काय? — एक वाचक

उत्तर : या शब्दावर विसंबून लोक सर्वांत जास्त फसतात. आर 44 या संयुक्त राष्ट्रांच्या नियमाखाली मंजूर झालेल्या सीटवर हे लेबल असतं. ‘युनिव्हर्सल’ म्हणजे गाडीच्या उत्पादकाने ज्या जागा अशा सीटसाठी योग्य ठरवल्या आहेत, त्या जागांवर ती चालते. कोणत्या जागा, हे लेबलवर नसतं. ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. तिथे प्रत्येक आसनासमोर अक्षरांचा तक्ता असतो: ‘यू’ म्हणजे युनिव्हर्सल सीट चालेल, ‘यूएफ’ म्हणजे फक्त पुढे तोंड करणारी चालेल, ‘एल’ म्हणजे ठरावीक यादीतली मॉडेल्सच चालतील आणि ‘एक्स’ म्हणजे त्या वजनगटातल्या मुलांच्या सीटसाठी ही जागा नाहीच. घरातल्या गाडीचं पान शोधा. ते न उघडताच सीट विकत घेणाऱ्यांची संख्या मोठी आहे. लेबलवर ‘सेमी-युनिव्हर्सल’ असेल तर सीटच्या कंपनीने गाड्यांची यादी दिलेली असते. त्या यादीत तुमचं मॉडेल आणि त्याचं वर्ष, दोन्ही जुळायला हवं.

2013 पासून लागू झालेल्या आर 129 या नव्या नियमात सीट मुलाच्या उंचीवरून निवडतात, आणि बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत ते मागे तोंड करूनच बसलं पाहिजे अशी अट आहे. पण त्या सीटसाठीसुद्धा गाडीचं पान पाहायचंच.

एक गोष्ट तक्त्यात कितीही ठळक असली तरी इथे लिहिते: समोरची एअरबॅग चालू असेल त्या आसनावर मागे तोंड करणारी सीट कधीही ठेवू नका. फुगणारी एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते.

प्रश्न : नवजात बाळासाठी कडी असलेली उचलून न्यायची सीट घेतली. गाडीचा पट्टा तिच्याभोवती फिरवून आणला की बकलपर्यंत पोचतच नाही, चार बोटं कमी पडतो. पट्टा लांब करणारा जोड मिळतो असं ऐकलं. — बाळाची मावशी

उत्तर : जोड लावू नका. तो मोठ्या माणसाच्या शरीरासाठी बनवतात. मुलाच्या सीटवर तो लावला की एक जादा बकल मधल्या वाटेत येतं, म्हणजे पहिल्या पत्रातली अडचण आपण पैसे देऊन विकत आणतो. गाडी आणि सीट या दोन्हींच्या उत्पादकांनी स्पष्ट परवानगी दिली असेल तरच गोष्ट वेगळी.

बाळाच्या सीटला पट्टा जास्त का लागतो, ते समजून घ्या. कमरेचा पट्टा बाळाच्या पायांच्या बाजूने सीटवरून जातो आणि खांद्याचा पट्टा सीटच्या पाठीमागून पूर्ण वळसा घेतो. एवढा वळसा मोठ्या माणसाभोवतीही पडत नाही. काही गाड्यांचे पट्टे इथे खरोखरच आखूड पडतात. तेव्हा काही जण खांद्याचा पट्टा पुढेच सोडून नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर सीट अडकवतात. पुस्तिकेत ती पद्धत दाखवलेली नसेल तर ते बाळासाठी धोक्याचं आहे.

तुमच्यासमोर तीन वाटा आहेत. दुसऱ्या आसनावरचा पट्टा लांब असतो का, ते बघा. गाडीत आयसोफिक्स असेल तर त्या सीटचा आयसोफिक्स बेस मिळतो का, ते विचारा. बेस मिळाला तर पट्ट्याची लांबी हा प्रश्नच उरत नाही. नाहीतर अशी सीट निवडा जिच्यात पट्टा पाठीमागून न जाता बाळाच्या पायांकडच्या भागातूनच जातो. तिला पट्टा बराच कमी पुरतो.

पट्टा पोचला की वाट नीट निरखा. सीटवर बहुतेकदा मागे तोंड करण्यासाठी निळ्या आणि पुढे तोंड करण्यासाठी लाल खुणा असतात. दोन्ही प्रकारे वापरता येणाऱ्या सीटमध्ये चुकीच्या रंगातून पट्टा घातलेला मला वारंवार दिसतो, आणि गंमत म्हणजे तो घट्टही वाटतो. घट्ट आहे म्हणून बरोबर आहे असं समजू नका.

प्रश्न : मी आजोबा आहे. माझी गाडी जुनी, पण जपून ठेवलेली. नातू अधूनमधून बरोबर येतो. मागे मधल्या जागेवर फक्त कमरेचा पट्टा आहे. मधली जागा सर्वांत सुरक्षित असं मी वाचलं आहे, तेव्हा तिथेच त्याची सीट लावावी असं वाटतं. नातू चार वर्षांचा आहे.

उत्तर : तुम्ही वाचलंत ते तत्त्वतः खरं आहे. मधली जागा दोन्ही दारांपासून लांब, त्यामुळे बाजूने धडक बसली तर तिथे मध्ये जास्त अंतर मिळतं. पण हा फायदा सीट तिथे पक्की बसली तरच आहे. मध्ये ढिली सीट आणि कडेला पक्की सीट, यांत मी कडेची जागा निवडेन, आणि तुम्हालाही तेच सांगेन.

तीन बिंदूंवर धरणारा, म्हणजे कमर आणि खांदा दोन्ही सांभाळणारा पट्टा व्होल्वोचे अभियंते नील्स बोलिन यांनी बनवला आणि 1959 मध्ये तो गाड्यांत आला. कंपनीने त्याचं पेटंट इतरांना खुलं करून दिलं. पुढच्या आसनांवर तो लवकर रुळला. मागच्या मधल्या जागेवर मात्र अनेक गाड्यांत पुढे बरीच वर्षं नुसता कमरेचा पट्टाच राहिला. तुमची गाडी त्यांपैकी आहे.

चार वर्षांच्या मुलासाठी, स्वतःचे खांद्याचे पट्टे असलेली पुढे तोंड करणारी सीट असेल, तर काही मॉडेल्स नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर बसवता येतात. सीटच्या पुस्तिकेत दोन बिंदूंच्या पट्ट्याचं वेगळं चित्र असेल तरच बसवा. नसेल तर नाही. सीटच्या वरच्या टोकापासून मागे जाणारा टेदर पट्टा अडकवायला गाडीत खुंटी आहे का, तेही पाहा. धडकेत मुलाचं डोकं पुढे किती जाईल, ते त्या पट्ट्याने बरंच कमी होतं. बूस्टर मात्र कमरेच्या पट्ट्यावर कधीच वापरायचं नाही. बूस्टर मुलाला फक्त उंच करतं, त्याला धरून ठेवायचं काम गाडीचा पट्टाच करतो, आणि वरच्या शरीराला धरायला तिथे काहीच नसेल तर मूल कमरेतून पुढे दुमडलं जातं.

जुन्या गाडीत आणखी एक गोष्ट मी नेहमी हाताने चाचपते. कमरेचा पट्टा आसन आणि पाठ यांच्या फटीतून निघतो की त्या फटीच्या बराच पुढून? फटीतून निघणारा पट्टा सीटला खाली आणि मागे ओढतो. पुढून निघणारा पट्टा आधी सरळ वर जातो. तुम्ही कितीही ताणलात तरी सीट पुढे सरकायला मोकळीच राहते. पुढे तोंड केलेली सीट अशा ठिकाणी लावून समोरून ओढून बघा, लगेच कळेल. त्याला इलाज नाही, जागा बदलावी लागते.

शिवाय पट्टा पूर्ण बाहेर काढून त्याच्या कडा बोटांत धरून तपासा. दोरे सुटलेले, चकाकी आलेले चट्टे, कुठे लाटा पडलेल्या दिसल्या, किंवा गाडीला मोठी धडक बसून गेली असेल आणि पट्टे बदललेले नसतील, तर सीटचा विचार नंतर. आधी पट्टे बदलून घ्या. तुमचा नातू अधूनमधूनच बसत असला तरी त्या फेरीत त्याला पट्टा पूर्ण चांगलाच लागणार आहे.

प्रश्न : आमच्या गाडीचा मागचा पट्टा पूर्ण बाहेर ओढला की परत जाताना कटकट आवाज करतो आणि मग बाहेर येतच नाही. बिघडला आहे का? बहिणीच्या गाडीत असं होत नाही. — एक बाबा

उत्तर : बिघडलेला नाही. तुमच्या पट्ट्याच्या रिळात लॉक होण्याची सोय आहे, बहिणीच्या गाडीत ती नाही. सीट घेण्याआधी हाच फरक समजला पाहिजे, म्हणून सविस्तर लिहिते.

साधा पट्टा मोकळा फिरतो आणि फक्त जोराचा ब्रेक लागला किंवा झटका बसला तरच अडतो. मोठ्या माणसाला ते सोयीचं, कारण पुढे वाकता येतं. मुलाची सीट मात्र अशा पट्ट्यावर रोज थोडी थोडी ढिली होत जाते, कारण गाडी वळताना पट्टा हळूहळू सुटतो. म्हणून अशा गाड्यांसाठी बनवलेल्या सीटवर पट्टा दाबून धरणारा चिमटा असतो, त्याला लॉक-ऑफ म्हणतात. तुमच्यासारख्या पट्ट्यात हे काम रीळच करतं: पूर्ण बाहेर काढा, बकल लावा, सीट दाबून धरा आणि पट्टा आत जाऊ द्या. तो एकेक दात मागे घेत घट्ट होतो. अमेरिकेत सप्टेंबर 1995 पासून बनलेल्या प्रवासी गाड्यांत मुलाच्या सीटसाठी पट्टा लॉक होण्याची सोय असणं बंधनकारक आहे. युरोपीय पद्धतीच्या गाड्यांत रिळात ती सहसा नसते. म्हणूनच दुसऱ्या देशातून कुणी प्रेमाने आणलेली सीट तुमच्या गाडीत न बसण्याची शक्यता असते: तिच्यावर चिमटा नाही आणि गाडीच्या रिळात लॉक नाही. शिवाय त्या देशाची मंजुरी तुमच्याकडे कायद्याने चालतेच असं नाही.

पट्टा दोन ठिकाणी लॉक करायचा की एका, ते पुस्तिकेत बघा. काही कंपन्या चिमटा आणि रिळाचं लॉक एकत्र वापरू नका असं सांगतात.

आता जे तुम्ही विचारलं नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. लॉक होणारा पट्टा मुलाच्या हाताजवळ मोकळा लोंबत असेल, तर मूल तो खेळताखेळता पूर्ण ओढून गळ्याभोवती घेऊ शकतं. मग पट्टा फक्त घट्ट होत जातो, सैल होत नाही. हे ऐकायला भयंकर वाटतं आणि ते खरोखर घडलेलं आहे. शेजारच्या रिकाम्या आसनाचा पट्टा आधीच बकलमध्ये अडकवा, पूर्ण बाहेर ओढा आणि लॉक होऊन आत जाऊ द्या. गाडीत हाताशी पट्टा कापायचं साधन ठेवा. आणि मुलाला पार्क केलेल्या गाडीत पट्ट्यांशी खेळू देऊ नका.

प्रश्न : आयसोफिक्सही लावलं आणि वरून पट्टाही बांधला तर दुप्पट सुरक्षित नाही का? — एक आई

उत्तर : नाही. सीटची चाचणी ठरावीक पद्धतीने झालेली असते, दोन्ही एकत्र लावून तिच्यावर ताण कसा पडेल हे कुणी तपासलेलं नसतं. पुस्तिकेत दोन्ही सांगितलं असेल तरच दोन्ही लावा. नीट बसवलेला पट्टा आयसोफिक्सपेक्षा कमी प्रतीचा नाही. उलट आयसोफिक्सला वजनाची मर्यादा असते. आय-साइझ, म्हणजे आर 129 खालच्या आयसोफिक्स सीटमध्ये मूल आणि सीट मिळून 33 किलोपर्यंतच. त्यापुढे पट्ट्याचाच आधार घ्यावा लागतो.

प्रश्न : आमच्या मागच्या आसनाचे पट्टे जाड आणि गादीसारखे मऊ आहेत. सीटच्या चिमट्यात बसत नाहीत. — एक वाचक

उत्तर : ते फुगणारे पट्टे असावेत. फोर्डने 2011 च्या एक्स्प्लोररमध्ये असे पट्टे मागच्या आसनांवर आणले, धडकेत ते एअरबॅगसारखे फुगतात. पुष्कळ सीट-कंपन्यांनी अशा पट्ट्यावर आपली सीट बसवायला मनाई केली आहे. जबरदस्तीने चिमट्यात कोंबू नका. त्या गाडीतलं आयसोफिक्स वापरा किंवा साधा पट्टा असलेलं आसन निवडा.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा, बूस्टरवर बसतो. खांद्याचा पट्टा मानेला घासतो म्हणून तो काखेखालून घेतो. आणि बूस्टर एवढं रुंद आहे की बकल त्याच्याखाली दडतं. — एक आई

उत्तर : काखेखालून पट्टा घेऊ देऊ नका, आजपासूनच. तिथे तो थेट बरगड्यांवर येतो आणि वरचं शरीर मोकळं सुटतं. खांद्याचा पट्टा गळपट्टीच्या हाडाच्या मधोमध आणि छातीच्या मधून जायला हवा, कमरेचा पट्टा पोटावर नाही तर खाली मांड्यांच्या वर टेकायला हवा. मान घासते म्हणजे पट्टा जिथून येतो ती जागा मुलासाठी फार पुढे किंवा फार वर आहे. पाठ असलेल्या बूस्टरला खांद्याजवळ पट्ट्याची खाच असते, ती मुलाच्या खांद्याच्या जरा वर आणून ठेवा. मग मुलाला पुढे वाकायला सांगा आणि परत टेकायला सांगा. पट्टा आपोआप मागे गेला तर ठीक. खाचेत अडकून सैल राहिला तर ती खाच त्या गाडीच्या पट्ट्याशी जुळत नाही, आणि तुम्हाला दुसरं बूस्टर किंवा दुसरं आसन बघावं लागेल. रिळाचं लॉक असलेला पट्टा बूस्टरवर लॉक करू नका, तिथे तो मोकळाच फिरला पाहिजे.

बकल दडतं त्याला उपाय एकच, अरुंद बूस्टर. दुकानात जाण्याआधी गाडीत दोन बकलांमधलं अंतर टेपने मोजा आणि ते लिहून न्या. बूस्टरची बसायची बाजू त्यापेक्षा कमी रुंद हवी, नाहीतर मूल दर वेळी बकल शोधत बसेल आणि कधीतरी लावायचं राहील. तो स्वतः बकल लावत असला, तरी निघण्याआधी तुम्ही वाकून कमरेचा पट्टा हाताने एकदा ओढून बघा.